परस्परादर : काळाचा दोष की दृष्टीचा?

विषयप्रवेश

प्रवचन आटोपल्यावर मंदिराच्या ओसरीवर वडीलधारी मंडळी बसली की बहुधा एक विषय निघतोच. माणसामाणसांतील आदर लोप पावत चालला, वडिलांची भीड उरली नाही, दुसऱ्याच्या सोयीगैरसोयीचा विचार कोणी करीत नाही, अशी ती तक्रार असते. ऐकणारे माना डोलावतात, कोणी एखादा ताजा प्रसंग सांगतो आणि शेवटी 'कलियुग आहे, चालायचेच' असे म्हणून सर्व उठतात.

ही तक्रार वरवर साधी दिसते. परंतु साधकाच्या दृष्टीने तिच्यात एक धोका आहे. सर्व जग अनादराने वागते असे एकदा ठरले की आपल्या अनादराला आयतेच निमित्त मिळते. म्हणून तक्रार खरी किती, शास्त्रदृष्टीने आदर म्हणजे काय आणि साधकाचे त्याविषयी कर्तव्य कोणते, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात क्रमाने केला आहे.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा मांडून खोडणे हे शास्त्राध्ययनाच्या रीतीस शोभत नाही. तक्रार करणाऱ्यांच्या हाती पुरावा आहे, तो प्रथम पाहू.

पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना एस. टी.चा प्रवास २०२२ सालापासून विनामूल्य झाला. २०२३ सालापासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली आणि त्या योजनेच्या नावातच 'सन्मान' हा शब्द घातला गेला. पण वृद्धाला तिकीट शासन देऊ शकते, उठून बसावयास जागा देणे हे शेजारच्या प्रवाशाच्याच हाती असते. काठी टेकीत उभ्या असलेल्या म्हातारीसमोर धडधाकट तरुण खिडकीबाहेर पाहत बसतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. आईवडिलांच्या पोटापाण्याची सोय मुलांनी करावी यासाठी २००७ साली संसदेला अधिनियम करावा लागला. जे कर्तव्य सांगावे लागत नव्हते ते आता कायद्याने सांगावे लागते, असे पूर्वपक्षी म्हणतो. सभेत निरूपण चालू असता कोणाच्या तरी खिशातील मोबाईल वाजतो आणि तो गृहस्थ तेथेच मोठ्याने बोलू लागतो. समोर माणूस बसला असता नजर हातातील यंत्रावर खिळलेली असते. ज्याचे तोंड पाहावयाचे नाही त्याच्याविषयी वाटेल तसे लिहिण्याची सोय झाल्याने शब्दांची लाज गेली आहे.

यांपैकी एकही गोष्ट खोटी नाही. प्रश्न इतकाच की, एवढ्यावरून 'पूर्वी आदर होता, आता नाही' हा सिद्धांत निघतो काय?

परीक्षण

दृष्टांतपाठात हत्ती आणि जन्मांध यांचा दृष्टांत आहे. ज्याचा हात पायाला लागला त्याने हत्तीला खांब ठरविले, ज्याच्या हाती कान आला त्याला तो सुपासारखा वाटला. प्रत्येकाच्या हाताला लागले ते खरेच होते, परंतु त्यावरून त्याने बांधलेला निश्चय मात्र खोटा होता. सर्वज्ञांचा हा दृष्टांत मतामतांच्या वादाविषयी आहे. तथापि काळाविषयीच्या मतासही तो लागू पडतो. एका अंगाला हात लावून युगाचे स्वरूप ठरविणारा त्या जन्मांधांच्याच पंक्तीला बसतो.

या संदर्भात अलीकडील एका संशोधनाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि डॅनिएल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. निदान साठ देशांतील लोकांना माणसाची नीती घसरत आहे असे वाटते आणि निदान सत्तर वर्षे लोक तसेच म्हणत आले आहेत, असे त्यांना आढळले. परंतु आपल्या काळातील माणसे प्रत्यक्ष कशी वागतात, असे निरनिराळ्या वर्षी विचारले असता उत्तरांत म्हणावी तशी घसरण दिसली नाही. याची दोन कारणे त्यांनी सुचविली आहेत. वाईट वार्तेकडे मन अधिक ओढले जाते, हे एक. भूतकाळातील वाईटाचा डंख स्मृतीत लवकर बोथट होतो, हे दुसरे. मनाच्या या खोडीची ओळख साधकाला नवी नाही. परदोष मोठा दिसतो आणि गेलेला काळ गोड वाटतो, हे तो आपल्या चित्तात रोज पाहतो.

आता भूतकाळाकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. ज्या पूर्वीच्या काळी आदर नांदत होता असे म्हटले जाते, त्याच काळी गावच्या पाणवठ्यावर काही माणसांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. तळे सार्वजनिक होते, पाणी मुबलक होते, आणि तरीही ते पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या काळच्या मुलांनी वडिलांपुढे मान खाली घातली असेल, पण तीच मान दाराशी उभ्या असलेल्या तहानेल्या माणसाकडे वळत नव्हती. तो आदर होता की केवळ पायरीची जाणीव होती, याचा विचार करावा.

आपल्या मार्गाचा अनुभव तर याहून जवळचा आहे. 'महानुभाव' हा केवढा थोर शब्द! लोकांच्या तोंडी त्याचा 'मानभाव' झाला आणि पुढे त्यापासून 'मानभावी' हे विशेषण निघाले. ढोंगी, वरून गोड आणि आतून कपटी, असा त्याचा अर्थ मराठी कोशांत नोंदला गेला. एका संपूर्ण मार्गाचे नाव शिवी म्हणून वापरणारा समाज आजचा नव्हे, तो त्याच 'आदराच्या' काळचा. काळी वस्त्रे नेसून गावात भिक्षेला जाणाऱ्या आपल्या पूर्वजांनी काय ऐकले असेल, याची कल्पना ज्याला आहे तो महानुभाव तरी गतकाळाला सुवर्णाचा मुलामा देणार नाही.

आणखी एक विवेक आवश्यक आहे. आदराचा आकार बदलला म्हणजे आदर गेला असे होत नाही. मराठी घरांत पूर्वी वडिलांना 'तुम्ही' म्हणत, आज अनेक मुले 'तू' म्हणतात. त्यामुळे वृद्धांचे मन दुखावते. परंतु आईला तर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या 'तू'च म्हणत आला, आणि त्यात अनादर आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. साधकही परमेश्वराला 'तू' म्हणूनच आळवितो. याउलट, ज्या घरांत वडिलांना 'अहो' होते त्याच घरांत साठ वर्षांच्या गड्याला दहा वर्षांचे पोर 'अरे' म्हणून हाक मारी. आज कामाला येणाऱ्या बाईला 'मावशी' किंवा 'ताई' म्हणण्याची रीत बऱ्याच घरांत पडली आहे. एकीकडे आकार सैल झाला, तर दुसरीकडे नवा आकार उभा राहिला.

यावरून निर्णय असा की, सर्व काही बिघडले हे म्हणणे खरे नाही आणि सर्व काही ठीक आहे हेही खरे नाही. कोणाला आदर द्यावयाचा याचे वर्तुळ विचाराने व कायद्याने मोठे झाले, ही जमेची बाजू. समोरच्या माणसाकडे लक्ष देण्याची सवय मात्र घाईने व यंत्रांनी विरळ केली, ही खर्चाची बाजू. साधकाने दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात आणि आपले खाते तपासावे.

शास्त्रदृष्टीने आदराचे मूळ

व्यवहारात आदर हा वय, विद्या, धन किंवा अधिकार पाहून दिला जातो. म्हणून ती उपाधी गेली की आदरही जातो. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचा अनुभव असाच असतो. शास्त्रात आदराचे मूळ उपाधीत नाही, ते जीवस्वरूपात आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत जीव हा बद्ध आहे, परंतु तो मोक्षास योग्यही आहे. अनादि अविद्येने झाकलेल्या या जीवाच्या उद्धाराचे परमेश्वराला व्यसनच आहे. ज्याच्यासाठी परमेश्वर अवतार घेऊन श्रम सोसतो, त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार दुसऱ्या जीवाला कोठून आला? हीच परस्परादराची शास्त्रीय भूमिका. ती चरित्रांत कशी उतरली हे पाहिले म्हणजे आदराची तीन अंगे स्पष्ट होतात.

पहिले अंग : अभय

शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली येऊन दडला, ही लीळा सर्वांना ठाऊक आहे. शिकारी आले. हा ससा पैजेचा आहे, तो न मिळाल्यास आपसांत शस्त्रे निघतील, असे त्यांनी सांगितले. सर्वज्ञांनी शरण आलेल्यास सोडून दिले नाही. येथपर्यंत सर्वजण सांगतात. परंतु पुढील दोन गोष्टींकडे अभ्यासकाचे लक्ष जावे. शिकारी निघून गेल्यावर सर्वज्ञांनी मांडी उचलली आणि सशाला जाण्यास सांगताना 'महात्मा' या शब्दाने संबोधिले. भ्यालेल्या मुक्या प्राण्यालाही आदरार्थी संबोधन! दुसरी गोष्ट अशी की, त्या शिकाऱ्यांनाही सर्वज्ञांनी हिडीसफिडीस केले नाही. रानातील गवत खाऊन व ओहोळाचे पाणी पिऊन राहणाऱ्या निरपराध जीवाला का मारावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून त्यांच्या विवेकाला हाक दिली. सशाला अभय मिळाले आणि शिकाऱ्यांना विचार मिळाला. कोणाचाच अवमान झाला नाही.

दुसरे अंग : समजेल अशी भाषा

सर्वज्ञांच्या प्रस्थानानंतर मार्गाची धुरा आचार्य नागदेवांकडे आली. केशिराजबास संस्कृताचे पंडित होते. शास्त्र संस्कृतात रचावे असा त्यांचा मानस आचार्यांनी मोडला, ही गोष्ट स्मृतिस्थळात आली आहे. आचार्यांचे कारण भाषाभिमानाचे नव्हते. संस्कृतात रचना झाली तर मार्गातील म्हाताऱ्या वंचित होतील, एवढेच त्यांचे म्हणणे. पंडिताच्या विद्येपेक्षा अक्षरओळख नसलेल्या वृद्धेची अडचण त्यांना मोठी वाटली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मार्गातील सर्वांना आनंद झाला. तो योग्यच होता. पण ज्या ग्रंथांमुळे या भाषेचे प्राचीन वैभव दिसते ते ग्रंथ मराठीत का आहेत, याचे उत्तर त्या म्हाताऱ्यांविषयीच्या कळवळ्यात आहे. पुढे पंजाबातील जयकृष्णी बांधवांनी याच ग्रंथांसाठी मराठी शिकून घेतली. कळवळ्याने केलेली गोष्ट किती दूर जाते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरे अंग : श्रवण

महदाइसा पुन्हा पुन्हा प्रश्न विचारीत. त्या जिज्ञासेचा मार्गात कंटाळा केला गेला नाही, तिचे कौतुकच झाले. स्त्रियांना धर्माचा अधिकार आहे काय, या शंकेला पुरुषाचा जीव मोठा आणि स्त्रीचा लहान असा भेद नाही, हा सर्वज्ञांचा निर्णय प्रसिद्धच आहे. मासिक विटाळाविषयीही, नाकातून मळ निघावा तसा तो देहाचा सहज धर्म, असे निरूपण करून शतकांचे ओझे त्यांनी एका उत्तरात उतरविले. प्रश्न ऐकून घेतला गेला म्हणूनच हे उत्तर मिळाले.

म्हाइंभटांचे कार्य याच अंगात येते. लीळा गोळा करताना ज्यांनी ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडून त्यांनी त्या मिळविल्या. विद्वानाची आठवण घ्यावी आणि साध्या बाईची टाकावी असा भेद ठेवला नाही. पोथ्यांच्या परंपरेतही एका प्रसंगाचे वेगवेगळे पाठ जपलेले आढळतात. दुसऱ्याची आठवण आपल्यापेक्षा निराळी असली तरी ती खोडून न टाकता शेजारी नोंदवून ठेवावी, हा ग्रंथसंपादनातील आदर होय. मतभेदाच्या वेळी साधकाने हा पाठ घ्यावा.

शंका-समाधान

शंका : विरक्ताने लोकसंगापासून दूर राहावे, असा आचार आहे. मग दुसऱ्याच्या सुखदुःखाचा विचार हा त्याला बंधक होणार नाही काय?

समाधान : विरक्ती ही ममत्वाची करावयाची आहे, संवेदनेची नव्हे. भिक्षेचा आचार पाहावा. उच्चनीच न पाहता सर्व वर्णांच्या दारी जावे, एकाच घरी भार न टाकता थोडे थोडे घ्यावे, मिळेल त्यात चवीची निवड करू नये. यात भिक्षूचा रसत्याग आहे, तसाच दात्याच्या सोयीचा विचारही आहे. ज्या घरी आज एकच भाकरी आहे त्या घरालाही संकोच वाटू नये, अशी ही योजना आहे. अहिंसाधर्मही हेच सांगतो. पायाखालचा किडा वाचविणाऱ्याने जिभेखाली माणूस चिरडला तर अहिंसा अर्धीच राहिली.

शंका : अन्याय करणाऱ्याचाही आदर करावा काय?

समाधान : ससारक्षणाच्या लीळेत याचे उत्तर आले आहे. शिकाऱ्यांची मागणी मान्य झाली नाही, परंतु त्यांची माणुसकीही अमान्य झाली नाही. कृत्याला ठामपणे नकार द्यावा, जीवाचा तिरस्कार करू नये.

शंका : कलियुगाचा स्वभावच असा आहे, तेथे जीवाचा उपाय काय?

समाधान : हे समाधान प्रत्येक महानुभावाने कंठस्थ ठेवावे. कलियुगात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा अवतार झाला आणि या मराठी भूमीत ज्ञान प्रकट झाले. ज्या युगाला असे दान मिळाले त्याचे नाव सबबीसाठी वापरणे हा त्या दानाचाच अनादर होय. ऋद्धिपुरात श्रीप्रभूंना गावची माणसे माय आणि बाप म्हणत, तेही कलियुगातच.

आचारविचार

आता स्वतःच्या अंगणाकडे वळले पाहिजे. जगाच्या अनादराविषयी बोलणे सोपे आहे. आपल्या मठामंदिरांत काय घडते?

यात्रेच्या दिवशी स्थानाला नमस्कार करण्यासाठी रांग लागते. ज्या ओट्यापुढे देहभाव विसरून दंडवत घालावयाचा, त्या ओट्यापाशी पोहोचण्यासाठी वृद्ध तपस्विनीला कोपराने बाजूला सारले जाते. त्या क्षणी तो दंडवत कोणापुढे घातला जातो? पंक्तीत वाढताना देणगीदाराच्या पानावर हात सैल सुटतो आणि टोकाला बसलेल्या मजुराच्या पानाशी आखडतो. निरूपणात 'सर्व जीव सारखे' असे ज्या मुखाने सांगितले त्याच मुखाने झाडलोट करणाऱ्याला एकेरी हाक मारली जाते. आचार्य नागदेवांच्या नंतरच्या काळात मार्गात तेरा आम्नाय झाले. शास्त्र एक, उपास्य एक, तरीही दुसऱ्या आम्नायाचा साधक समोरून येताना दिसला की हात जोडण्यास क्षणभर उशीर होतो, आणि तो गेल्यावर त्याच्याविषयी बोलण्यास मात्र उशीर होत नाही. विकल्प म्हणतात तो याहून निराळा नाही.

सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट तरुणांची आहे. तरुण पिढी आदर ठेवीत नाही, मंदिरात येत नाही, असे वडील म्हणतात. परंतु एखादा मुलगा येऊन 'हे असेच का?' असे विचारतो, तेव्हा 'वडिलांना उलट विचारू नये' असे म्हणून त्याला गप्प बसविले जाते. तो पुन्हा येत नाही. महदाइसेच्या प्रश्नांनी ज्या मार्गाचे वाङ्मय समृद्ध झाले, त्या मार्गाच्या दारातून एक प्रश्न करणारा परत गेला, तर अनादर कोणी केला? मुलाने, की उत्तर नाकारणाऱ्याने? घरात लहानांचे बोलणे पुरते ऐकून घेणाऱ्या आजोबांना आदराविषयी प्रवचन द्यावे लागत नाही. मूल तो पाहून शिकते.

याचा अर्थ लहानांना कर्तव्य नाही असा नव्हे. थकलेल्या भिक्षूचे पाय चेपणारा, आजारी गुरुबंधूचे लुगडे-पांघरूण धुणारा, ज्याला ऐकू येत नाही त्याच्या कानाशी बसून पोथी वाचणारा तरुण साधक आश्रमांतून आजही आढळतो. त्याची बातमी कोठे येत नाही, म्हणून तो नाही असे समजू नये. हत्तीचे तेही एक अंग आहे.

उपदेशींनी व भिक्षूंनी नित्य विधीला जोडून रोज स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. आज आपल्यामुळे कोणाचे भय कमी झाले की वाढले? आज आपण समोरच्याला समजेल असे बोललो, की आपली विद्या दाखविण्यासाठी बोललो? आज कोणाचे म्हणणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकले काय? तिन्हींची उत्तरे एकाच दिवशी समाधानकारक येणे कठीण आहे. परंतु रोज विचारणाऱ्याला दुसऱ्याच्या अनादराची मोजदाद करण्यास वेळ उरत नाही, हा लाभ पहिल्या दिवसापासूनच मिळतो.

उपसंहार

काळ बिघडला की नाही, या वादाचा निकाल ओसरीवर लागणार नाही. आदर कमी झाला असे ज्याला मनापासून वाटते, त्याने तो ज्या ठिकाणी आपल्या हातून कमी पडतो तेथे भरून काढावा. लोकांनी आपल्या मार्गाचे नाव शतकानुशतके उपहासाने घेतले. कोशातील तो अर्थ कोणाशी भांडून पुसता येणार नाही. महानुभाव दारी आला आणि त्याच्या येण्याने घरातील लहानथोर, धनी आणि गडी या सर्वांना सारखाच मान मिळाला, असा अनुभव ज्या गावाला येईल त्या गावापुरता तो अर्थ पुसला जाईल.

एकमेकांस भेटताना आपण 'दंडवत प्रणाम' म्हणतो. काठी भूमीवर पडावी तसा देह दुसऱ्यापुढे अहंकारासह पडावा, असा त्या शब्दाचा भाव आहे. दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जाणारा हा शब्द एकदा तरी अर्थासह उच्चारला जावा, एवढीच या विवेचनाची फलश्रुती.

दंडवत प्रणाम.